हळदीकुंकवाला वाचलेली मुलाखत

आई, तू गेल्याला आता इतकी वर्षं झाली की तुझ्याशी भांडायचाही कंटाळा येतो. पूर्वी मनातल्या मनात तुला उत्तरं द्यायचे, 'मी एकवीस वर्षांची होते गं तेव्हा' वगैरे. आता तेही होत नाही, दमलेय. म्हणून एकदाच सगळं सरळ लिहून काढतेय.

मी एम.ए.ला स्त्री-अभ्यास घेतला तेव्हा आपण गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. दोन खोल्या आणि घरातच संडास म्हणून बाबा खूश, पाणी एक दिवसाआड म्हणून तू हैराण. बाबांना माझा विषय काही पचला नाही. "बायकांचं काय शिकायचं असतं? घरात एक आहे तिच्याकडून शीक की," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. तू मात्र जिन्यात, गिरणीत, भाजीवाल्याकडेसुद्धा सांगत सुटलीस, "मेरी लडकी औरत लोगों के ऊपर पढ रही है, युनिव्हर्सिटी में." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरात माझ्या बाजूची तू एकटीच होतीस, हे काही तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

पहिल्याच वर्षी आमच्या बाईंनी काम दिलं, ओळखीतल्या एका बाईची सविस्तर मुलाखत घ्या, नाव बदला, बाकी ती म्हणेल तसं लिहा. मी लांब कशाला जाऊ? दुपारची जेवणं झाली की तू ओट्याला टेकून मेथी निवडायला बसायचीस आणि मी समोर वही घेऊन. पहिले दोन दिवस तुझं एकच, "माझं काय लिहायचंय? उठते, डबे करते, पाणी भरते." तिसऱ्या दिवशी मी विचारलं, कधी घर सोडून जावंसं वाटलं का. तू हातातली काडी मोडतेस, देठ बाजूला टाकतेस आणि म्हणतेस, "गेले होते की एकदा."

मी दहावीला होते त्या वर्षी. काशीगावच्या बालवाडीत तुला शिकवायला बोलावलं होतं आणि बाबांनी तुला न विचारता परस्पर कळवून टाकलं की ती येणार नाही. तुला आठ दिवसांनी कळलं, तेही दुसऱ्या कोणाकडून. तू दोन साड्या पिशवीत घातल्यास, बहिणीकडे जातेय सांगून समोरच्या काकूंकडे चावी दिलीस आणि समुद्रकाठच्या उत्तनची बस पकडलीस. का उत्तन, तर बसची पाटी समोर दिसली म्हणून. तिथे बोंबील वाळत घातले होते त्याच्या कडेला दुपारभर बसलीस. तिथलीच एक म्हातारी आली, गळ्यात क्रूस. म्हणाली, "कोन गो बाय तू? घर न्हाय काय तुला?" तू म्हणालीस, हाय. तिने पुढे काही विचारलं नाही, कोरा चहा आणून दिला. उन्हं उतरल्यावर तू परत आलीस. "जाताना परत यायचं ठरवलं नव्हतं," तू म्हणालीस. मग माझ्या वहीकडे बघून, "लिहितेयस का हे?" मी म्हटलं, नको का लिहू? तू जरा विचार केलास. "लिही. तुझ्या बाईंनाच द्यायचंय ना." मी मान हलवली.

बाईंना ती मुलाखत फार आवडली, वर्गात वाचून घेतली. मी हवेत. तेवढ्यात संक्रांत आली. बिल्डिंगचं हळदीकुंकू गच्चीवर असायचं आणि पहिल्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान गेल्यापासून त्यांना कोणी बोलवत नव्हतं. मी त्यावरून तुझ्याशी वाद घातला होता, पुस्तकातले शब्द वापरून. तू ऐकून घेतलंस, आणि खाली जाऊन त्यांना बोलावून आलीस. वर मलाच म्हणालीस, "तू दोन शब्द बोल बायकांसमोर. कळू दे सगळ्यांना काय शिकतेस." मी दोन शब्द कुठली बोलतेय. मी मुलाखत घेऊन गेले. नाव बदललंय म्हणजे झालं, असं मला अगदी मनापासून वाटलं होतं. तुला विचारायचं मनातही आलं नाही.

तू तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होतीस. मी दोन साड्या वाचल्या, बस वाचली, शेजारणीकडे दिलेली चावी वाचली. समोरच्या काकू तुझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, "अगं, म्हणजे त्या दिवशी तू बहिणीकडे नव्हती गेलीस?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. तू ताट पुढच्या बाईसमोर धरलंस, तिने तिळगूळ घेईपर्यंत तसंच धरून ठेवलंस. मी थांबले का? नाही. उरलेलं पान वाचून संपवलं, कारण मध्येच थांबणं आणखी वाईट दिसेल असं वाटलं.

घरी आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "तू विचारलंस म्हणून सांगितलं होतं. गच्चीला सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं." आवाज चढवला नाहीस. बाबांना रात्रीपर्यंत कळलंच. मला वाटलं चिडतील, पण ते हसले, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट निघालं. तू चपला घालायला लागलीस की ते खुर्चीतून विचारायचे, "संध्याकाळपर्यंत येणार ना परत?" दळण आणायला निघालीस तरी तेच. मग बिल्डिंगमधल्या बायकाही थट्टेने विचारू लागल्या. तू एकटी बाहेर जाणं कमी करत करत बंदच केलंस. शेवटी इस्पितळात न्यायला स्ट्रेचर आलं तेव्हाही बाबांनी तेच विचारलं, पण त्या दिवशी रडत. बालवाडीला त्यांनी परस्पर कळवलं होतं, बिल्डिंगला मी. त्यांचा राग मला करता आला, माझा अजून नीट करता येत नाही. आणि त्या तिसऱ्या दुपारनंतर तू मला स्वतःबद्दल काहीच सांगितलं नाहीस. मी विचारायचे. तू म्हणायचीस, "माझं काय असणार?"

हे कुठे टाकायचं नाहीये आणि कुणाला दाखवायचंही नाहीये, कारण यात तुझी गोष्ट मी पुन्हा तुला न विचारताच लिहिलीय. आता मीच एम.ए.च्या मुलींना मुलाखत कशी घ्यायची ते शिकवते. दरवर्षी हे उदाहरण देते, 'माझ्या वर्गात एक मुलगी होती' अशी सुरुवात करून. या वर्षी मागच्या बाकावरच्या एकीने हात वर केला. "मॅम, त्या मुलीने आईची माफी मागितली का?" मी हो म्हटलं, आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला घेतला.