बॉनेटवरचा डावा हात

बीबी, ता. लोणार
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मंजूताई,

सप्रेम जय भीम. भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंनाही सांग. इकडे बाबांची तब्येत ठीक आहे. बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, काठी घेऊन रस्त्यापर्यंत जातात आणि परत येतात. हरभरा काढणीला आलाय, गावभर मळणीयंत्राची धूळ आहे. तुमच्या जळगावकडे कापसाचं उरकलं का?

पत्र बघून घाबरशील म्हणून आधीच सांगते, कोणाला काही झालेलं नाही. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की बाबा स्पीकर लावायला सांगतात, आणि मग आपण दोघी हवापाण्यावर बोलत बसतो. मेसेज केला तर तू अंगठा पाठवून मोकळी होतेस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही.

गाडीचं कुठवर आलं, असं तू दर वेळी विचारतेस. गाडी अजून अंगणातच आहे, निंबाखाली. दिवाळीत बाबांची डावी बाजू गेली तेव्हा मी दवाखान्यातून थोड्या दिवसांची रजा काढून आले होते. ते सावरल्यावर आपलं तिघांचं काय ठरलं होतं, आठवतं ना? जुनी पिकअप रंगवायची, पासिंग करून घ्यायची आणि शेजारच्या हरिओमच्या हाती द्यायची. तो बाजाराची भाडी मारेल, निम्मं बाबांना देईल, त्यातून कलाबाई दोन वेळचा स्वयंपाक करून जाईल आणि मी संभाजीनगरला माझ्या नर्सच्या नोकरीवर. म्हणजे बघ, रंगाशिवाय पासिंग नाही, पासिंगशिवाय गाडी नाही, गाडीशिवाय कलाबाई नाही, आणि कलाबाई आल्याशिवाय मला इथून हलता येत नाही.

गॅरेजला देऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, घरीच करू, मी सांगतो, तू कर. लग्नाआधी ते मेहकरला गाड्यांच्या रंगकामावर होते, तो तोरा अजून गेलेला नाही. बाजेवर बसून काठीनं दाखवतात आणि नर्सबाई खरवडतात. रिमूव्हर लावला की जुना रंग फोडासारखा फुगतो, मग पत्र्याच्या पट्टीनं तो ओढून काढायचा. पांढऱ्याच्या खाली आई असतानाचा निळा निघाला. मी जरा थांबले तर बाबा म्हणाले, 'पाहात काय बसली, काढ.' मग पुट्टी भरायची, घासायची, प्राइमर मारायचा, पुन्हा घासायचं, आणि शेवटी हरिओमनं आणून दिलेल्या कॉम्प्रेसरनं रंग.

रंग वाळला की बाबा तपासायला उठतात. गाडीजवळ येऊन काठी बंपरला टेकवतात, डोळे मिटतात, उजव्या हातानं डावा हात उचलून बॉनेटवर ठेवतात आणि तसाच धरून हळूहळू फिरवतात. त्यांच्या उस्तादांची शिकवण आहे ही. उजव्या हाताला कामानं घट्टे पडतात, त्याला बारीक खोट कळत नाही. डावा तळहात मऊ, म्हणून पारख डाव्यानं करायची. फिरवता फिरवता एका जागी थांबतात. म्हणतात, 'इथं खरखर लागते. घास.'

मी घासते. पहिल्या वेळी बॉनेट आणि दरवाजे. दुसऱ्या वेळी पार मागच्या फाळक्यापर्यंत अख्खी गाडी, कारण नुसतं बॉनेट केलं तर वेगळं दिसेल म्हणाले.

ताई, माझ्या भाकरीलाही आता थिनरचा वास येतो. बोटांची कातडी गेली आहे, या हातांनी पेशंटची नाडी तरी कळेल का कोण जाणे. इथून बसस्टँड ऐकू येतो. संभाजीनगरची बस थांबते, हॉर्न देते, निघून जाते, आणि मी अंगणात बादलीत घासायचा पॉलिश पेपर भिजवत बसलेली असते. पाणी प्यायला उठले तरी बाबा विचारतात, 'कुठी चालली?' न्हाणीत जास्त वेळ लागला तर दारावर काठी वाजते. आणि तू काकूला सांगितलंस, धम्मा आहे ना, मग काय काळजी. काकूनं ते मला शाबासकी म्हणून ऐकवलं. त्या दिवशी मी पीठ इतकं रगडलं की बाबांनी विचारलं, आज काही सण आहे का.

हे सगळं तुला थोडंफार माहीत असेल. जे माहीत नाही ते लिहायला बसले आहे आणि मघापासून कापूस आणि पुट्टी यावरच चाललंय माझं.

बाबांच्या डाव्या हाताला काही कळत नाही. थोडी ताकद आली, पण स्पर्श परत आलेला नाही. संक्रांतीच्या सुमाराला चहाच्या उकळत्या ग्लासाला तो हात टेकून ते हरिओमशी गप्पा मारत बसले होते. फोड आले तेव्हा माझं लक्ष गेलं. मीच मलम लावलं, मीच पट्टी बांधली. पट्टी सुटून फार दिवस झाले नव्हते तेव्हा त्यांनी तोच हात पहिल्यांदा बॉनेटवर ठेवला आणि खरखर लागते म्हणाले.

म्हणजे मला तेव्हाच माहीत होतं. त्या हाताला बॉनेट काय आणि बाजेची सुतळी काय, सारखंच. मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, पण पापण्या थरथरत होत्या. मी पेपर भिजवला आणि घासायला लागले.

तुला आता बाबांची कीव येईल. मला राग आला होता, आणि अजून येतो. बाबांचा येतो, तुझा येतो, त्या गाडीचा तर इतका येतो की एखाद्या दिवशी तिला ढकलून नदीत नेऊन सोडावं वाटतं. बापानं आजारी पडावं, म्हातारं व्हावं, पण पारखीचं सोंग घेऊन मुलीला कोंडू नये.

पण ताई, दुसऱ्या वेळचं ऐक. रंग वाळला होता आणि चांगला बसला होता. बाबा चहा पीत होते. मी दळणाचं निमित्त करून बाहेर पडले आणि आमच्या मेट्रनबाईंना फोन लावला. म्हटलं, काम पुन्हा निघालंय, अजून थोडे दिवस द्या. बाबा तोवर बाजेवरून उठलेही नव्हते.

का केलं, ते सांगते. मी रोज असे पेशंट पाहते. पहिल्या झटक्यातून उठलेला माणूस दुसऱ्यात कसा जातो, हे मला तुझ्यापेक्षा आणि बाबांपेक्षाही चांगलं ठाऊक आहे. मी गेले आणि ते न्हाणीत पडले तर गाव म्हणेल, पोरगी नर्स होती. गाव जाऊ दे, मीच म्हणेन. गाडी अपुरी होती तोवर मला काही ठरवावं लागत नव्हतं. बाबा खोटं बोलत होते आणि मी त्या खोट्याच्या आडोशाला बसले होते.

काल तिसऱ्यांदा रंग वाळला. मेट्रनबाईंनी सांगितलं आहे, एक तारखेला हजर हो, नाहीतर जागा भरतो. कालच सकाळी बाबा उठले, काठी टेकवली, डोळे मिटले, डावा हात उचलून बॉनेटवर ठेवला. फिरवला. थांबले.

'इथं जरा...'

मी तो हात उचलून खाली घेतला आणि त्यांचा उजवा हात धरून त्याच जागी ठेवला. त्यांनी डोळे उघडले. हात मागं घेतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तो फिरवला, हेडलाइटपर्यंत नेला, परत आणला.

'चांगलं झालं,' म्हणाले. मग हात बॉनेटवरच ठेवून, 'तुले कधीपासून माहीत होतं?'

'पहिल्यापासून.'

'मंग घासत काऊन राह्यली?'

मी बंपरला टेकवलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली. ते काठी घेऊन बाजेकडे गेले आणि तिथूनच कुंपणापलीकडे ओरडून हरिओमला म्हणाले, 'सोमवारी गाडी पासिंगले ने.' मी आत जाऊन चुलीशी रडले. सुटल्याचं रडू असेल असं आधी वाटलं, पण ते तसं नव्हतं.

कारण आता गाडी चकचकीत उभी आहे, बाबा काही म्हणत नाहीत, पाणी प्यायला उठले तरी कुठी चालली विचारत नाहीत, आणि मला डाव्या दरवाजाखाली रंगाचा एक ओघळ दिसतोय. खरंच आहे, वीतभर लांब. पासिंगवाला तिकडे बघणारही नाही. पण आज सकाळपासून मी दोनदा तिथं जाऊन बसले, आणि दुसऱ्या वेळी माझ्या हातात पेपर होता. बाबा बाजेवरून पाहात होते. त्यांनी नको म्हटलं नाही आणि घास असंही म्हटलं नाही.

म्हणून तुझ्याकडे एक मागते. अठ्ठावीसला ये. आठ दिवस राहा, सासूबाईंना काय सांगायचं ते सांग. कलाबाई स्वयंपाकाला येईल, गोळ्या मी डब्यांत भरून ठेवीन, तुला फार काही करावं लागणार नाही. मी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडेन तेव्हा बाबांच्या बाजेवर त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच. रिकाम्या बाजेच्या कडेवर ते एकटे बसलेले मला मागं वळताना दिसले तर माझ्यानं जाणं होणार नाही.

या पाकिटात खाली एक काळा कागद आहे. टाकून देऊ नकोस. घरातला शेवटचा पॉलिश पेपर आहे. रंगाचं दुकान समोरच आहे आणि तिथं हवे तेवढे मिळतात, हे मलाही माहीत आहे. तरी हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस.

तू येईपर्यंत गाडीच्या दरवाजाकडे पाठ करून बसलेली,
तुझी धम्मा