डबल्सच्या पोरी आणि मी, त्यांचा कोच

२ नोव्हेंबर १९८१, सोमवार

दिवाळीचा फराळ संपला. आजपासून रोजनिशी. ही डायरी एका सप्लायरने जानेवारीत दिली होती. दहा महिने कोरी राहिली, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

डिसेंबरात आमच्या कंपनीच्या चिंचवडच्या हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय ज्युनिअर बॅडमिंटन स्पर्धा आहे. श्रीलंका, नेपाळ, मलेशिया, थायलंड असे संघ येणार. मुलींच्या डबल्समध्ये यजमानांची म्हणून एक इथली जोडी खेळवायचं ठरलंय. जोडी म्हणजे माझी नीला आणि तळवड्याच्या धोंडीबा भालेकरांची सगुणा. दोघी सोळा वर्षांच्या, एका वर्गातल्या. ही जोडी घडवली कुणी, हे लिहायला नको. डायरी माझीच आहे.

संकल्प तीन. पहाटे पाचला उठून हॉलवर जाणे. बॅडमिंटनच्या नियमांचं पुस्तक आणणे. तंबाखू बंद.

३ नोव्हेंबर, सकाळी ८

साडेसातला उठलो. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये. पोरी पाचलाच गेल्या. भीमराज होता म्हणे. हा फाउंड्रीत कामाला आहे. शिफ्ट सांभाळून दोन वर्षं पोरींशी खेळतो. सरावाला कुणीतरी लागतंच. मदतनीस म्हणून माझी हरकत नाही.

तंबाखू उद्यापासून.

५ नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीची गुरुवारची सुट्टी. नऊला हॉलवर गेलो. बाकावर बसून बारकाईने पाहिलं. धक्काच बसला. एक पोरगी पुढे पळते, दुसरी मागे जाते, परत जागा बदलतात. शिस्त कशी ती नाही. एका मशीनवर एक ऑपरेटर, हे आमच्याकडे शिकाऊ उमेदवारालाही कळतं.

कोर्टाच्या मधोमध खडूने रेघ मारायला लावली. डावीकडे नीला, उजवीकडे सगुणा, रेघ ओलांडायची नाही. भीमराज हळूच म्हणाला की साहेब, डबल्समध्ये जागा बदलाव्याच लागतात. त्याला सांगितलं, मी अठरा वर्षं इन्स्पेक्शनमध्ये आहे. गप्प बसला. माझ्याविषयी त्याला आदर आहे.

मग खेळ सुरू झाला. शटलचं फूल दोघींच्या मधे अकरा वेळा पडलं. दर वेळी दोघी एकमेकींकडे बघून, तुझं होतं, असं म्हणाल्या. खडू हलका होता, रेघ नीट दिसत नव्हती.

७ नोव्हेंबर, शनिवार

रेघ झाडलोटीत पुसली गेली, असं सौ.कडून कळलं. सांगताना ती तांदूळ निवडत होती, वर पाहिलं नाही. पुन्हा मारून घेणार होतो, पण पाठीत चमक भरली.

१० नोव्हेंबर, मंगळवार

कंपनीत ज्ञानदेवशी वाजलं. हा प्रॉडक्शनचा सुपरवायझर. साठ बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, रिजेक्ट केले मी. माप बरोबर लिमिटवर. ज्ञानदेव म्हणतो, ड्रॉइंगप्रमाणे लिमिटवरचा पीस पास. मी म्हणालो, ड्रॉइंग काहीही म्हणो, रेषेवरचा तो बाहेरचा. आज रेषेवरचा घेतला की उद्या रेषेपलीकडचा येतो. अठरा वर्षांत हा नियम मोडला नाही. चार वाजता मॅनेजरने सगळे पास केले. या देशात डोळ्यांना किंमत नाही.

नियमांचं पुस्तक पिंपरीत मिळत नाही. पुण्याला जावं लागेल.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याला निघालोच होतो, इतक्यात धोंडीबा आले. पोतंभर कांदे घेऊन सायकलवरून तळवड्याहून. मागे कॅरिअरवर सगुणा.

चहा झाला. मग म्हणाले की पोरीला पाहुणे बघून गेलेत. घर चांगलं हाय, बागायत हाय. शाळंतलं मास्तर म्हनत्यात की ह्या खेळात पोरगी शेवटच्या चारांत आली तर दिल्लीच्या शिबिराला बोलावत्यात, तीन म्हैनं. तर आपला शबुद असा : जिकली तर धाडतो दिल्लीला, पाहुण्यांना न्हाई म्हनतो. हारली तर नाद पुरा झाला, माघात लगीन.

सगुणा दाराशी उभी राहून रॅकेटची तार नखाने वाजवत होती. एकदाही वर बघितलं नाही. मी धोंडीबांना म्हणालो, निर्धास्त राहा, कोच मी आहे. ते म्हणाले, म्हनून तर इचाराया आलो. त्यांना माझी किती खात्री वाटते ते यावरून दिसलं.

ते गेल्यावर सौ. म्हणाली की आता तरी पोरींच्या मधे मधे करू नका. बायकांना स्पर्धेचा ताण सोसत नाही.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याला गेलो. पुस्तकाच्या दुकानाआधी बुटांचं दुकान लागलं. पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कोच चपलांवर शोभत नाही. मग मिसळ खाल्ली. तोवर पुस्तकाचं दुकान बंद झालं होतं. तसे नियम सोपेच असतात, बघून बघून समजतात.

४ डिसेंबर, शुक्रवार

कोचचा बिल्ला मागायला क्रीडा सचिव अण्णासाहेबांकडे गेलो. यादीत जोडीसमोर भीमराजचं नाव टाइप झालेलं. टायपिस्टची चूक. मोठ्या मनाने काही बोललो नाही.

अण्णासाहेब म्हणाले की मुरारराव, लाइनमन कमी पडतायत, इन्स्पेक्शनच्या माणसांचे डोळे चांगले असतात, तुम्ही बसा. मात्र मुलीच्या मॅचला नाही, दुसऱ्या कोर्टावर. हरकत नाही म्हणालो. लाइनमनची खुर्ची कोर्टाला खेटून असते. वेळ आली तर तिथूनही कोचिंग करता येईल. उजव्या गुडघ्यावर रुमाल म्हणजे स्मॅश, डाव्यावर म्हणजे ड्रॉप. नीलाला शिकवून ठेवलं. हो बाबा म्हणाली. गुणी पोरगी.

८ डिसेंबर, मंगळवार

लाइनमन लोकांची मीटिंग. मुख्य पंच सगळं समजावून सांगत होते. त्या वेळी कँटीनमधून गरम वडे आले होते, म्हणून मी बाहेर होतो. शेवटचं तेवढं ऐकलं : लाइनमनचा निर्णय अखेरचा, पंचालाही बदलता येत नाही. ऐकून फार समाधान झालं. इथे कुणी मॅनेजर नाही.

९ डिसेंबर, बुधवार

नेपाळच्या जोडीला हरवलं. पंधरा-चार, पंधरा-सहा. मी दुसऱ्या कोर्टावर होतो, त्यामुळे दिसलं नाही. माझ्या पद्धतीने खेळल्या असाव्यात.

१० डिसेंबर, गुरुवार

सुट्टी असल्याने हॉल खचाखच. थायलंडला तीन गेममध्ये हरवलं. धोंडीबा पहिल्या पॉइंटपासून उभेच. मागच्यांनी बसा म्हटलं तर म्हणाले की पोर हुबी हाय तर मी कसा बसू.

सगुणाचा स्मॅश असा की हॉलच्या पत्र्यापर्यंत आवाज जातो. पोरी सारख्या जागा बदलत होत्या. चालवून घेतलं.

११ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी १०

दुपारी श्रीलंकेशी उपांत्यपूर्व सामना. आता अण्णासाहेबांचा माणूस येऊन गेला. पोरींच्या कोर्टावर ज्ञानदेव लाइनमन होता, त्याचं पोट बिघडलंय. बाकी सगळे पहिल्या शिफ्टला. मी बसेन म्हणालो. नीला माझी मुलगी हे अण्णासाहेबांच्या माणसाला ठाऊक नव्हतं आणि त्याने विचारलं नाही. पांढरे बूट, दोन रुमाल.

११ डिसेंबर, संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस माझ्या चारित्र्याचा आहे.

पहिला गेम आपला, दुसरा त्यांचा. रुमालाचे इशारे चालू होते, पण पोरी माझ्याकडे बघतच नव्हत्या. तिसऱ्यात आपण चौदा-अकरा पुढे, सर्व्हिस आपली. एक पॉइंट आणि सामना खिशात. दोनतीनशे माणसं, पण कुणी खोकत नव्हतं. सगुणाने मागून स्मॅश मारला. फूल माझ्याच रेषेवर आलं. मी अगदी समोर. निम्मं रेषेवर, निम्मं बाहेर. अठरा वर्षांचे डोळे आहेत, चूक नाही.

मी दोन्ही हात पसरून आउट दिलं.

पंचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी हात पसरलेलेच ठेवले. पोटची पोर खेळत असताना, मॅच पॉइंटला, स्वतःच्या पोरीविरुद्ध. हॉलमध्ये असा दुसरा माणूस होता का?

मग सर्व्हिस गेली, पोरी जरा सैरभैर झाल्या. चौदा-चौदा, नंतर सेटिंग, म्हणजे आणखी तीन पॉइंटांचा खेळ, सतरा-पंधरा. हरल्या. सगुणा तिथेच खाली बसली. नीलाने तिला उठवलं. दोघींनी पंचांशी हात मिळवला, मग माझ्याशीही मिळवला. नियमच आहे तो.

धोंडीबांनी टोपी नीट केली आणि बाहेर गेले.

१२ डिसेंबर, शनिवार

घरात कुणी बोलत नाही. सौ.ने पोळ्या वाढल्या, तूप नाही. मी म्हणालो की माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल अण्णासाहेब बहुधा पत्र देतील. तिने आमटीचं पातेलं उचलून नेलं. फक्त नीला म्हणाली, बाबा, फूल बाहेरच होतं. असं समजून घेणारं माणूस घरात एक तरी आहे.

संध्याकाळी अण्णासाहेब भेटले. पत्राचं काही बोलले नाहीत. म्हणाले की निवड समितीच्या बाईंना पोरींचा खेळ आवडला, हरल्या तरी शिबिरासाठी दोघींची नावं घेतलीत. मंगळवारपर्यंत फॉर्मवर वडिलांची सही पाहिजे. पण धोंडीबांनी सही करायला नकार दिला. हारली ती हारली, शबुद दिलाय, असं म्हणाले. नीलाही अडून बसली आहे, सगुणाशिवाय जाणार नाही म्हणते. यात मी काय करणार?

१३ डिसेंबर, रविवार

कँटीनमध्ये ज्ञानदेव. पोट बरं झालेलं. सगळ्यांसमोर म्हणाला की रेषेला लागलेलं फूल आत धरतात. मी म्हणालो, प्रॉडक्शनवाल्यांना सगळंच आत वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत अण्णासाहेबांच्या ऑफिसात गेलो. टेबलावर नियमांची पुस्तिका होती. उभ्यानेच वाचली. बंद केली. परत उघडून वाचली. लाइनमनची खुर्ची जरा कलती होती, उजेड तोंडावर येत होता, असं सांगता येईल का याचा विचार करत डिपार्टमेंटला आलो. तिथे तपासायचे बुश टेबलावर रांगेत होते. एकही तपासला नाही.

रेष आतच धरतात. जोडी जिंकली होती.

१४ डिसेंबर, सोमवार

अर्धी रजा टाकून सायकलने तळवड्याला गेलो. नीला म्हणाली मीपण येते. तिला काही सांगितलं नव्हतं. कॅरिअरवर बसली.

धोंडीबा कांद्याला पाणी देत होते. मला पाहून फावडं ठेवलं. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले की साहेब, वाईट वाटून घिऊ नगा. लोक तुमाला काय बी बोलत्यात. सगुणानं मला सांगितलंय, फूल भाईर व्हतं, नीलाच्या बाबांनी बरूबर दिलं.

म्हणजे तिनेही. माघात लग्न लावतायत, दिल्ली हातची चाललीय, आणि ही पोरगी बापाला सांगते की फूल बाहेर होतं.  बांधावर बसलो. पांढरे बूट चिखलात गेले.

मग सांगितलं. फूल रेषेवर होतं, रेष आत असते, मला ठाऊक नव्हतं. पोरी जिंकल्या होत्या, मी हरवलं. इतकं बोलायला फार वेळ लागला नाही. कालपासून उगाच भ्यालो.

 धोंडीबा हसायला लागले ते थांबेनात. खोकला आला, डोळे पुसले. सगुणाच्या आईला हाक मारून म्हणाले की ह्या मानसाला चाकणच्या बाजारात कांदा निवडाया बशीवलं तर निम्मा माल उकिरड्यावर जाईल. मग गंभीर झाले. म्हणजे पोरगी जिकली म्हना की, असं म्हणाले. मी हो म्हणालो. ते म्हणाले, मंग शबुद तो शबुद, आना कागूद. नीलाने ब्लाउजच्या बाहीत घडी घालून फॉर्म आणलाच होता. त्यांनी सही केली, नाव लिहायला जागा पुरली नाही, खालच्या ओळीत उतरली.

सगुणा गोठ्याच्या दाराआडून ऐकत होती. बाहेर आली, माझ्या पाया पडली. तेवढं तिने करायला नको होतं.

१५ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही फॉर्म दिले. कोच म्हणून दोघींनी भीमराजचं नाव लिहिलंय, नीट अक्षरात. टायपिस्टचा संबंध नाही.

काल तळवड्याहून परतताना चढावर सायकल हातात धरून चाललो होतो. नीलाला विचारलं, मला नियम ठाऊक नाहीत हे तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, खडूची रेघ मारली त्याच्या आधीपासून. सगुणालाही माहीत होतं, भीमराजकाकांनाही. मग मला कुणी सांगितलं का नाही, असं विचारलं. म्हणाली, बाबा, तुम्ही कोच असताना किती खुशीत असायचात.