हिरड्यापाशी अकरा मिनिटं

मु. वांगणी, ता. जव्हार
ता. ९ नोव्हेंबर

प्रिय बहीण रुपीस,

दादाचा आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत, माझा गुडघा सोडून. बाळाचा खोकला गेला का? वाड्याला कंपन्यांचा धूर फार, त्याला सकाळच्या वेळी बाहेर काढू नका. सपना, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. तिला अक्षर लागत नाही आणि मला फोनवर तिचा राग ऐकवत नाही. सातवीपर्यंत शिकलो त्याचा उपयोग म्हातारपणी हा असा.

रुपी, तू म्हणालीस, व्हर्जन आलं की कळव, तोवर फोन करू नको. तर कळवतो की व्हर्जन आलेलं नाही.

जावई विचारत होते म्हणे, हे व्हर्जनचं काय लचांड आहे. त्यांच्यासाठी लिहितो. दोन वर्षांपूर्वी आपल्या पाड्यावर वनपट्ट्यांची, म्हणजे जंगलात आपण कसतो त्या जमिनींची, मोजणी झाली. ज्याने त्याने मोबाईल हातात धरून आपल्या जमिनीच्या कडेने फिरायचं, मोबाईल मागे मागे रेष काढत येतो. रुपी तेव्हा सपनाच्या बाळंतपणाला वाड्याला गेलेली. म्हणून दोन फेऱ्या मीच मारायच्या ठरल्या, एक माझ्या खालच्या भातशेताची आणि एक तिच्या वरच्या माळाची. मशीनने दोन्ही मिळून एकच रेष काढली आणि ती माझ्या नावावर टाकली. आता रुपीचा दावा उघडला की लाल अक्षरं येतात, ही जागा दुसऱ्याच्या हद्दीत आहे. अवकाळीची सर आली होती, मोबाईल भिजला, त्यानेच हा घोळ केला. मी तेव्हाच सांगितलं होतं.

मोजणीच्या ॲपच्या जुन्या व्हर्जनमध्ये एकदा पडलेली रेष हलत नाही. नव्या व्हर्जनमध्ये दुरुस्ती करता येणार आहे. ते नवं व्हर्जन कधी येणार हे कोणाच्या बापाला माहीत नाही!

परवा पुन्हा जव्हारला गेलो. एसटी वेळेवर नव्हती, ते सोड. तिथल्या वनपट्ट्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी प्रगती म्हणून मुलगी आहे, तिला विचारलं.

"बाबा, वरूनच आलं नाही अजून."

"वर म्हणजे कुठे? ठाण्याला?"

"नाय हो."

"मग मुंबईला?"

"मला पण माहीत नाही बाबा. तिथे पण कोणीतरी असंच वर बोट दाखवत असेल."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. आधी म्हणाले गणपतीत, मग दसऱ्याला, मग दिवाळीत. आता म्हणतात तपासणी चालू आहे. सुताराने नांगर केला आणि दोन वर्षं नुसता तपासत बसला तर आपण त्याला काय म्हणू? इथे लोकांच्या जमिनी अडकल्यात आणि हे थंड हवेत बसून तपासतात.

आपल्या पाड्यावर नऊ घरं व्हर्जनसाठी थांबलीत. कोणाचं नाव चुकलंय, कोणाचा ओढा दुसऱ्या काठाला गेलाय. सगळे माझ्याकडे येतात. हरवलेला बैल फागूबाबा दाणे टाकून सांगतो, मग व्हर्जन का नाही सांगणार? मी सुपात दाणे टाकले, जोडीजोडीने मोजले. पौषात येईल असं निघालं. तसं सांगितलंय. तूही तसंच धर.

तुझा दादा,
फागू


ता. २ फेब्रुवारी

रुपीस,

आशीर्वाद. बाळाचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं.

पौष गेला. व्हर्जन आलं नाही. मला तोंड लपवायची पाळी आली आहे. काल पाणवठ्यावर देवराम सगळ्यांदेखत म्हणाला, "फागूबाबा, तुमचे दाणे पण जुन्या व्हर्जनचे झाले. आधी ते अपडेट करून घ्या." बायका हंडे ठेवून हसत होत्या. त्याची गाय तीन दिवस सापडत नव्हती तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन रडला होता हा देवराम. वर म्हणतो, यंदा बोहाड्यात देवांचे मुखवटे नाचवताना व्हर्जनचंही सोंग काढू, म्हणजे लोकांना त्याचं तोंड तरी दिसेल. पाड्यात आता पैजा लागल्यात. मोजणीला माझ्याबरोबर आलेला संदीप म्हणतो होळीला, देवराम म्हणतो बोहाड्याला, गौराबाई म्हणते तिच्या सरणावर.

बा सांगायचे, दाण्यांना खरा प्रश्न विचारावा लागतो, नाहीतर दाणे खोटं बोलतात. मी दरवेळी नीट विचारतो. मशीनची चूक कधी दुरुस्त होईल, एवढंच विचारतो. एकदा पौष निघतो, एकदा माघ, एकदा काहीच नाही. तांदूळच तसला, रेशनचा. पूर्वीचा घरचा तांदूळ असता तर असं झालं नसतं.

ऑफिसात गेलो तर म्हणे तारीख पुढे गेली. मी तिथेच ओरडलो. एक साहेब म्हणाला, "बाबा, ओरडू नका, सगळं सिस्टिममध्ये आहे." म्हटलं, सिस्टिममध्ये आहे म्हणून तर ओरडतोय, कपाटात असतं तर मी स्वतः काढलं असतं. मला बरं वाटलं थोडा वेळ. मग बाहेर येऊन वडाखाली बसलो तो एसटी येईपर्यंत उठलो नाही.

सपनाने लिहिलंय की तू जावयाच्या खोलीत दाराशी अंथरूण टाकतेस आणि रात्रपाळीची माणसं तुला ओलांडून जातात. हे तिने लिहायला नको होतं. मला जेवण गेलं नाही. तू म्हणतेस कागद झाला की माळावर खोपी बांधून राहीन, वरी पेरीन. पेर ना. मी अडवलंय का? मशीनने अडवलंय. उन्हाने मोबाईल तापला होता त्या दिवशी, हाताला चटका बसत होता. तापलेल्या मशीनकडून काय होणार?

आणखी एक. माझ्या उमेशचा ठाण्याहून फोन होता. मे महिन्यात सुट्टी काढून येतो, वरच्या माळावर काजूसाठी खड्डे खणतो म्हणतो. मी म्हटलं, अरे ती आत्याची जागा आहे. तर म्हणाला, "कागदावर तर आपली दिसते. आणि आत्या कुठे परत येतेय?" आजकालची पोरं. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. व्हर्जन लवकर आलं तर सगळंच मिटेल.

दादा


ता. १६ मे

रुपी,

सपनाच्या हातची तुझी चिठ्ठी मिळाली. एकच ओळ. "आई विचारते, मामा, त्या दिवशी पाऊस होता की ऊन होतं?"

मी ती ओळ महिनाभर खिशात घेऊन फिरलो. पाऊस आणि ऊन, दोन्ही मीच लिहिलं होतं आणि मला आठवलंसुद्धा नाही. तुला अक्षर लागत नाही, पण तू सगळं ऐकून ठेवतेस. लहानपणीही तशीच होतीस.

आधी बातमी. व्हर्जन आलं.

कोणाच्याच तारखेला आलं नाही. होळी गेली, बोहाडा गेला, सोंगं पेटाऱ्यात गेली, गौराबाई जिवंत आहे. मंगळवारी मी रेशनच्या कामाला जव्हारला गेलो होतो. ऑफिसवरून जाताना प्रगतीने खिडकीतून हाक मारली, "बाबा, आलं तुमचं व्हर्जन!" लोक थांबून बघायला लागले. दोन वर्षं मी ज्याला शिव्या दिल्या ते असं गुपचूप येऊन बसलं होतं.

आत गेलो. तिने माझी फाईल उघडली. रुपी, नव्या व्हर्जनमध्ये नुसती रेष दिसत नाही. माणूस कसा चालला ते दिसतं. ठिपके ठिपके, मुंग्यांच्या रांगेसारखे, आणि ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ दिसते. खालचं शेत, ओढ्याचा काठ, बांध, सगळं बरोबर. मग ती रांग चढावर आपल्या हिरड्याच्या झाडापाशी आली. जिथून माझी हद्द वळते आणि तुझी सुरू होते. तिथे ठिपक्यांचा ढीग होता. दाणे सांडावे तसा.

प्रगती म्हणाली, "बाबा, इथे तुम्ही खूप वेळ थांबलात. अकरा मिनिटं. दम लागला होता का?"

सपना, पोरी, इथून पुढे हळू वाच. आईच्या तोंडाकडे बघत वाच.

दम लागला नव्हता. पाऊस नव्हता, मोबाईल तापवणारं ऊनही नव्हतं. मार्गशीर्षातली सकाळ होती, हवा गार, कोवळं ऊन पडलेलं. संदीप खाली बांधावर बसून राहिला, म्हणाला, "बाबा, हद्द तुम्हाला ठाऊक, तुम्हीच फिरून या." मी एकटा होतो. हिरड्यापाशी आलो. तिथून वळायचं होतं. मी वळलो नाही, उभा राहिलो. तुझा माळ समोर होता. माती अडवायला तू रचलेली दगडांची ताल, तू आणून रुजवलेला आंबा. सासरच्यांनी तुला काढून दिलं, तू कडेवर सपनाला घेऊन आलीस, तेव्हा बांनी हातातली काठी त्या माळावर टेकवून सांगितलं होतं, हे रुपीचं. मी शेजारीच उभा होतो. तेव्हापासून माझ्या पोटात एक खडा होता. मला वाटायचं, मी राहिलो, मी बांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि माळ हिला. सपना लग्न होऊन जाईल आणि जमीन दुसऱ्या घरात जाईल. असलं सगळं त्या झाडाखाली उभं राहून मनात आलं. अकरा मिनिटं आलं म्हणे. मला तर क्षणभर वाटलं होतं.

मग मी सरळ पुढे चालत गेलो. तुझ्या आंब्याला वळसा घातला, तुझी ताल आत घेतली, आणि खाली येऊन संदीपला म्हटलं, झालं दोन्ही.

उमेशवर ढकलावं असं मनात होतं. पण उमेश तेव्हा ठाण्याला होता. हिरड्यापाशी मी एकटाच होतो.

मशीनने काहीही चुकवलं नाही. मी चाललो तसं त्याने काढलं. दोन वर्षं मी ज्याच्या नावाने बोंब मारली ते बिचारं खरं धरून बसलं होतं. सगळ्या पाड्याला मी राग राग करून दाखवला, कारण राग थांबला असता तर कोणीतरी विचारलं असतं. साहेबावर ओरडलो तोही तसाच. त्या व्हर्जनची मी जितकी वाट पाहिली तितकंच ते येऊ नये असंही मला वाटायचं. दाणे चुकत नव्हते. मी त्यांना दरवेळी खोटा प्रश्न घालत होतो. मशीनची चूक कधी दुरुस्त होईल? चूकच नव्हती तिथे, तर दाणे कुठला महिना सांगतील? आणि मी रेशनच्या तांदळाला दोष दिला.

प्रगतीने विचारलं, "दुरुस्तीचं कारण काय टाकू?" त्यात चार कारणं होती. मोबाईल बंद पडला, नाव चुकलं, नकाशा हलला, इतर. तिचं बोट पहिल्यावरच होतं. किती सोपं होतं बघ. तिने स्वतःहून तेच टाकलं असतं आणि मी मान डोलावून घरी आलो असतो.

मी म्हटलं, "इतर."

"मग लिहावं लागेल बाबा. काय लिहू?"

मी सांगितलं, "लिही, भाऊ हिरड्यापाशी वळला नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून तेवढंच टाईप केलं. नंतर म्हणाली, "हे ग्रामसभेत मोठ्याने वाचतात, माहीत आहे ना?" म्हटलं, वाचू दे. देवरामला तर बरंच होईल.

आता कामाचं. २८ मेला सकाळी फेरमोजणी आहे. या वेळी दुसऱ्याने चाललेलं चालणार नाही, ज्याची जमीन त्यानेच मोबाईल धरून फिरायचं. म्हणजे तू. मी नुसता हद्दीचा साक्षीदार. तुझा पाय दुखला तर बसत बसत फीर, कितीही वेळ लागू दे, ठिपके पडायचे तितके पडू देत. उमेशला काल सांगितलं, खड्डा एकही खणायचा नाही. तो चिडला, फोन आपटला. त्याला काय बोलू? माझंच बघून शिकला.

तू येशील का नाही, मला माहीत नाही. आलीस तर माझ्या घरी उतरशील का, तेही माहीत नाही. गौराबाईकडे तुझी सोय सांगून ठेवली आहे, माझ्या घरचं पाणी नको असेल तर. माफ कर असं लिहिणार होतो, पण ते लिहून तुझ्यावर आणखी एक काम टाकल्यासारखं होईल. तुला वाटेल तेव्हा, वाटलं तर.

काल सूप काढून बसलो होतो. या वेळी प्रश्न खरा होता, रुपी २८ तारखेला येईल का. दाणे मुठीत घेतले आणि परत डब्यात ओतले. तुझ्या येण्याचा अंदाज बांधायचा हक्क मला नाही. जव्हारहून पहिली एसटी आली की मी हिरड्यापाशी जाऊन बसेन. वावर गावाच्या वळणावर गाडी दिसते तिथून.

बाळाचा खोकला परत आला असेल तर त्याला आणू नको, सपनाकडे ठेव. पण तू ये.

हिरड्यापाशी न वळलेला,
तुझा दादा
फागू