समासातली टिंबं

२ जानेवारी
ही डायरी औषध कंपनीच्या माणसाने आणून दिली. कापडी बांधणी, कागद उत्तम. दोष एकच. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या प्रोस्टेटच्या गोळीची जाहिरात: ‘रात्री लघवीसाठी किती वेळा उठता?’ पुढे उत्तरासाठी रिकामी रेघ. दुर्लक्ष करणार.

संकल्प: रोज एक पान. शिवाय ३१ मार्चपर्यंत आम्हा मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या जर्नलला लेख, ‘युरॉलॉजीपुढचे प्रश्न’. एकतीस वर्षं या पेशात काढली, माझ्याइतकं कोण सांगणार? जर्नल म्हणजे व्यवसायाची स्मरणशक्ती, रोजनिशी म्हणजे माणसाची. इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच. वाक्य झकास जमलंय. लेखात घालणे.

५ जानेवारी, सकाळी ६
लिहिण्याची वेळ ठरली. हॉस्पिटलला जाण्यापूर्वी, सहा ते आठ. एकाग्रता मोजण्यासाठी शास्त्रीय पद्धत: खुर्चीवरून उठलो की समासात एक टिंब. आज टिंबं पाच. पाणी जास्त प्यायलो होतो.

१२ जानेवारी
ओपीडीत त्रेसष्ट पेशंट. डॉक्टर दोन, मी आणि मॅडम. तिसरी जागा चार वर्षं रिकामी. मॅडम माझीच विद्यार्थिनी. हात चांगला, पण घाई फार. हे तिला आठवड्यातून एकदा तरी सांगतो.

एक निवृत्त पोस्टमास्तर लघवीची वही घेऊन आले. आम्ही पेशंटना तीन दिवस नोंद ठेवायला लावतो, कधी गेलात, किती झाली. यांची नोंद बरोबर चार-चार तासांनी, दर वेळी तीनशे मिली. टपालाची वेळ असावी तशी. मी चांगलाच झापला. वही खोटी लिहून फसवताय कुणाला? म्हातारा म्हणाला, तुम्ही रागावता म्हणून नीटनेटकी लिहिली, साहेब. कपाळावर हात मारून घेतला. लोकांना स्वतःविषयी खरं लिहवत नाही. लेखातला मुद्दा.

२० जानेवारी
टिंबं सात. खोली थंड आहे. लेखाचं शीर्षक बदललं: ‘युरॉलॉजीपुढची आव्हानं’. जास्त वजनदार.

हिने विचारलं, लेख लिहिताय की येरझाऱ्या घालताय? मी सांगितलं, विचार करणारी माणसं चालत चालतच विचार करतात. त्यावर ही म्हणाली, चाला की, पण दर वेळी फ्लशचा आवाज का येतो? शाळेत गणित शिकवून हिला प्रत्येक गोष्टीचा मेळ घालायची खोड लागलीय.

३ फेब्रुवारी
आज मोठी केस. मध्येच ऑपरेशन मॅडमकडे सोपवून बाहेर जाऊन आलो. दोनदा. थिएटरच्या सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. ते जास्त लागलं.

निर्णय: लांब केसेस यापुढे मॅडमना. तरुणांना संधी मिळायलाच हवी. हाही मुद्दा लेखात.

११ फेब्रुवारी
मॅडमने जिन्यात गाठलं. सर, स्वतःची तपासणी केलीत का? म्हटलं, झालीय. कुणी केली? मी म्हटलं, मीच. ती काहीतरी बोलणार होती, पण तोंडावर हात ठेवून खाली निघून गेली. पुढच्या वळणावर माझ्या लक्षात आलं. प्रोस्टेटची तपासणी स्वतःची स्वतः करता येत नाही. हात तेवढा लांब नसतो.

२ मार्च
थकलोय. सत्तर पेशंट, त्यानंतर इन्शुरन्सचे फॉर्म, त्यानंतर तेच फॉर्म पुन्हा, कारण निळ्या शाईने भरले होते. मान दुखते. घरी आल्यावर बूटही काढवत नाहीत. तिसऱ्या जागेसाठी मुलाखतीला एकजण आला होता, ओपीडीची रांग बघून परस्पर गेला. त्याचा राग नाही आला, हेवा वाटला. खरं लिहायचं तर मला भीतीही वाटते. कशाची ते उद्या लिहीन.

३ मार्च
काल काय लिहिणार होतो आठवत नाही. टिंबं नऊ. चहा बंद.

४ मार्च
चहा सुरू. टिंबं तरीही नऊ, म्हणजे चहाचा दोष नव्हता.

२५ मार्च
जबरदस्त सर्दी. उद्या हॉस्पिटलच्या सभेत माझं भाषण, लेखाच्याच विषयावर. नाक चोंदून कसं चालेल? सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांना या गोळ्या घेऊ नका म्हणून मी रोज बजावतो, लघवी तुंबते. पण ती पेशंटची गोष्ट.

२८ मार्च, वॉर्ड, खाट चार
आज उठून बसलोय म्हणून लिहितो.

भाषण छान चाललं होतं. मुद्दा पहिला, अपुरे डॉक्टर. मुद्दा दुसरा, थकवा. तिसरा मुद्दा होता, डॉक्टर स्वतःची तपासणी टाळतात. तिथे मला दरदरून घाम फुटला. सकाळपासून एक थेंब झाला नव्हता आणि पोट दगडासारखं. टेबल धरून उभा राहिलो. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मॅडम उठून आली. आतल्या खोलीत नेऊन पोटावर नुसता हात ठेवला आणि लघवीच्या नळीचं पाकीट फोडलं. म्हणाली, सर, आता घाई केली तर चालेल ना? मी फक्त मान हलवली. अकराशे मिली. मी लहान मुलासारखा रडलो. दुखलं म्हणून नाही, सुटलो म्हणून.

नंतर तिने समजावलं, जे मी हजारदा दुसऱ्यांना समजावलंय. मूत्राशय फार ताणलं गेलंय. आठवड्याने नळी काढून बघू. लघवी आपोआप झाली तर पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन. ताकद परत आली नाही तर नळी कायमची. हेच वाक्य मी पेशंटना घड्याळ बघत सांगतो.

मग तिने आधीच्या तीन दिवसांची नोंद मागितली. मी म्हटलं, नाही ठेवली. खाटेशेजारी बसलेल्या हिने पिशवीतून ही डायरी काढून दिली. माझी खासगी डायरी! मॅडमने अक्षर वाचलं नाही, फक्त समास पाहिला. म्हणाली, इतकी प्रामाणिक वही आजवर एकाही पेशंटने आणली नाही. हिने बेरीज आधीच करून ठेवली होती. टिंबं चारशे नव्वद. लेख दीड पान.

१ एप्रिल
संपादकांचा फोन. मुदत संपली, पुढच्या अंकात बघू. त्यांनी विचारलं, लेखात स्वानुभव आहे ना? हो म्हटलं.

४ एप्रिल
सकाळी ७ नळी काढली.
८.१० नाही.
९.४० नाही. ही खिडकीकडे तोंड करून बसलीय.
१०.१५ मोजपात्र घेऊन कॉरिडॉरमध्ये निघालो तर समोर पोस्टमास्तर. त्यांनी मोजपात्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, साहेब, खरं लिहा बरं का.
१०.३० नाही.
११.०५ १८० मिली.
हिला दाखवायला मोजपात्र घेऊन गेलो. हिने आकडा वाचला आणि डोळे पुसले.

५ एप्रिल, सकाळी ६
घरी. ऑपरेशन मंगळवारी, मॅडम करणार. लेख लिहायला बसलो नाही.

पानाच्या तळाशी ती रेघ आहेच. ‘रात्री लघवीसाठी किती वेळा उठता?’
तीन.
खोडलं. पाच.