दीड रकान्याचा शब्द

पिंपरी,
गुरुवार, १४ नोव्हेंबर १९५७

प्रिय रंभा,

तुझ्या नावामागं काय लिहावं, इथंच पहिली ओळ अडली. सौ. लिहिता येत नाही, आणि गं. भा. लिहायला माझा हात वळत नाही. म्हणून पुस्तकातली माणसं लिहितात तसं 'प्रिय' लिहिलं. सासूनं सुनेला असं लिहिलेलं कुठं वाचलं नाही, पण चालेल.

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. आईचा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. पुढं तू लिहिलंस की ज्योतीरामांच्या स्थळाला नकार कळवला, आत्याबाई एकट्या पडतील, मी माघारी येते. मी ते तीनदा वाचलं. रंभा, मी एकटी पडेन हे काही खरं कारण नाही. खरं कारण इथं माझ्या शेजारी पाटीवर बदक काढत बसलं आहे. बदकाला तिनं चार पाय काढले आहेत. विचारलं तर म्हणाली, दोन पोहायचे आणि दोन चालायचे.

शालू ठणठणीत आहे. शाळेत जाते, भाकरीचा पापुद्रा तेवढा खाते आणि बाकीची माझ्या ताटात सारते. झोपताना तुझं जुनं लुगडंच पांघरायला लागतं, गोधडी चालत नाही.

कारखान्यात माझं काम बदललं. बाटल्या पुसण्यावरून काढून मला थंड खोलीत घातलं. तिथले भांडारी रहिमानभाई. मी पुडीचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले, हे त्यांना कुणी तरी सांगितलं. त्यांनी पाठीची शिवण उसवलेला एक इंग्रजी-मराठी कोश आणून दिला. म्हणाले, "अंबुबाई, पुडीवरचं वाचून झालं असेल तर आता हे घ्या, हे लवकर संपायचं नाही." आमच्या खोक्यांवर पहिलाच इंग्रजी शब्द असतो तो 'कीप', म्हणजे थंड जागी ठेवा. मला वाटलं, सोपा आहे, ठेवणे. कोशात बघते तर दीड रकाना. बाकीचे शब्द दोन-दोन ओळींत आटोपलेले आणि हा एकटा पान अडवून बसलेला.

मी रोज दुपारच्या सुट्टीत त्यातले दोन-तीन अर्थ वहीत उतरवते. कोंबड्या पाळायच्या तर हाच शब्द. दिलेलं वचन पाळायचं तरी हाच. दुकान चालवणं, शेताची राखण करणं, घड्याळानं बरोबर वेळ दाखवणं, दूध न नासता टिकणं, गप्प बसणं, सगळ्याला हाच. आपण एवढ्या सगळ्याला निरनिराळे शब्द वापरतो. मी रहिमानभाईंना म्हटलं, कोंबडी आणि वचन एकाच खुराड्यात कसं कोंबलं हो या लोकांनी? ते म्हणाले, "बिनपगारी गडी आहे तो, सांगाल ते काम करतो." दुसऱ्या रकान्यात खाली एक अर्थ आहे, एखाद्याला जाऊ न देणे, अडवून धरणे. त्या अर्थापाशी मी पेन्सिल ठेवून दिली आणि त्या दिवशी पुढं काही लिहिलं नाही.

थंड खोलीत काय करते, तेही सांगते. औषधाचा जो जो घाणा निघतो, त्यातल्या चार बाटल्या आम्ही बाजूला काढतो. त्या कुणाला द्यायच्या नाहीत. उद्या कुठून तक्रार आली तर तपासायला हव्यात, म्हणून मुदत संपेपर्यंत फळीवर ठेवायच्या. तक्रार आली नाही तर मुदतीनंतर फोडून टाकायच्या. रीत बरोबरच आहे, मला समजते. पण पहिल्या आठवड्यात मी त्या फळीपुढं नुसती उभी राहायची. आपल्या भिमाच्या पायात नांगराचा फाळ गेला आणि नवव्या दिवशी तो गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की या औषधाच्या चार बाटल्या मिळाल्या असत्या तर. पाच वर्षं झाली त्याला. मी आता त्या फळीपुढं रडत नाही. फडक्यानं धूळ पुसते, चिठ्ठीवरची तारीख वाचते आणि पुढच्या फळीकडं जाते.

आता दसऱ्यानंतरच्या बैठकीचं. तुझे वडील रंगराव ओसरीवर बसले होते, आणि ज्योतीरामांनी पोरीसकट न्यायची तयारी दाखवली आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं. एस. टी.त कंडक्टर असलेला माणूस, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, तोंडातून वाकडा शब्द नाही. पण आमचे आबाजी भाऊजी म्हणाले, "पाट लावनारी जाती, पोर जात न्हाई. ती आमच्या भिमाची हाय, आमच्याच दारात ऱ्हाईल." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, राहू दे पोर माझ्याजवळ. तू चुलीपाशी होतीस. उकळता चहा उतरवायचा राहिला आणि उतू गेला. मी तेव्हा रिवाजाप्रमाणं बोलले असं मनाला समजावलं. ते खोटं होतं. शालूची हनुवटी भिमाची आहे, आणि मला ती हनुवटी सोडवत नव्हती.

अजून एक खोटं आहे, ते जुनं. लग्न होऊन आलीस तेव्हा तू विचारलं होतंस, आणि मी सांगितलं होतं की माझी आई मी लहान असतानाच गेली. रंभा, माझी आई गेल्या महिन्यात गेली, दिवाळीनंतर चौथ्या दिवशी, रावेतला. माझे वडील वारले तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिनं रावेतच्या माणसाशी पाट लावला आणि मी रिवाजाप्रमाणं ताथवड्याला आज्याकडं राहिले. तासाभराची वाट. पाट लावलेल्या बाईनं पहिल्या घराचा उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून दर चैत्रात ती आमच्या मळ्यातल्या विहिरीपाशी येऊन उभी राहायची. हातात गाठोडं असायचं. चुलती म्हणायची, जा, तुला टाकून गेलेली आली बघ. मी कणगीमागं लपायची. उन्हं कलली की ती निघून जायची. सहा वर्षं ती आली आणि सहा वर्षं मी लपले. मग माझं लग्न झालं, आणि पुढं कुणी विचारलं की मी सांगायची, आई नाही. आज्यानं मला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही. नीट सांभाळलं. पण आईनं मला टाकलं नव्हतं, आज्याच्या घरानं मला ठेवून घेतलं होतं, हे समजायला मला अठ्ठेचाळीस वर्षांचं व्हावं लागलं.

रावेतहून तिचा धाकटा मुलगा सांगावा घेऊन आला, तशी मी गेले. शालूला शेजारच्या ताजुन्निसाभाभींकडं ठेवलं आणि मावशीच्या घरी जाते असं सांगितलं. तेराव्यानंतर त्यानं आईची पेटी माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, अक्का, हे तुमचं आहे, तिनं आम्हाला हात लावू दिला नाही. आत सहा परकर होते, हातानं शिवलेले, मध्ये कडुनिंबाचा पाला घातलेला. पहिला हातभर, दुसरा त्याहून बोटभर लांब, असे सहाही. ती दर वर्षी माझी उंची अंदाजानं धरायची. अंदाज बरोबर होता, रंभा. मी लावून पाहिलं नाही, पण मला माझी उंची आठवते.

म्हणून हे पत्र. काल आबाजी भाऊजींना सांगितलं की पोर आईबरोबर जाईल. ते खूप बोलले, भिमाचं नाव घेऊन बोलले. मी म्हटलं, भिमाला मी जन्म दिला, त्याच्या वतीनं मीच बोलते. ते जेवले नाहीत, पण आज जेवतील. तू ज्योतीरामांना पत्र मिळताच निरोप पाठव, नकार माघारी घेतला म्हणून सांग. रविवारी सुट्टी आहे, मी सकाळच्या मोटारीनं शालूला घेऊन चाकणला येते. तिची पाटी आणि तुझं ते लुगडं बरोबर असेल. अंगात परकर असेल तो दुसरा, तिला बरोबर बसला आहे, फक्त घडीवर विरला होता तिथं मी आतून ठिगळ लावलं. तू तुझ्या नव्या घरी गेलीस की मी महिन्यातून एकदा येत जाईन. आत बोलावलंत तर येईन. नाही तर बाहेर एखादी विहीर असेलच. शालू लपली तर लपू दे, तिला ओढून आणू नकोस. मी उन्हं कलेपर्यंत थांबेन.

तुझीच,
आत्याबाई