ग्दान्स्कचं फाटक आणि दाभोळची पेटी

७८६
रियाध, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय हुसेनभाई यांस,
सप्रेम सलाम वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. आकिब ऑफिसात, सूनबाई अफशाँ स्वतःच्या गाडीत आणि मी रागात, असं आमचं घर चाललंय. राग दोन गोष्टींचा आहे. लहान आधी सांगते.

नात इफरा बारावीला आहे. शाळेने तिला प्रकल्प दिलाय : पूर्व युरोपातल्या देशांवरची सोव्हिएत संघाची पकड का सुटली. गाइडात उत्तर पाच ओळींचं. मॉस्कोत एक सुधारक नेता आला, त्याने मूठ सैल केली, देश मोकळे झाले. जणू स्वातंत्र्य म्हणजे कुणी वरून टाकलेली खैरात. मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टरांनी असं उत्तर लिहिणारीला वर्गाबाहेर उभं केलं असतं. तू १९८० साली पोलंडमध्ये होतास, ग्दान्स्कच्या गोदीत. नवं जहाज ताब्यात घ्यायला तुम्हा खलाशांना पाठवलं होतं आणि संपामुळे तुम्ही अडकून पडलात. तिथे काय पाहिलंस ते पोरीसाठी लिही.

मोठा राग तुझ्यावर. तुझ्या सादियाला इकडे तबूकच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, एक डिसेंबरला हजर व्हायचंय, आणि तू तिचा पासपोर्ट लोखंडी पेटीत घालून किल्ली कमरेला लावून बसलायस. जुबैलला नोकरीला होतास तेव्हा तुझ्या कफीलने, त्या मालकाने, तुझा पासपोर्ट अडकवून ठेवला होता, म्हणून अम्मीच्या दफनाला तू पोचला नाहीस. तेव्हा तू त्याला जे जे म्हणालास ते मला पाठ आहे, पण कागदावर लिहिण्यासारखं नाही. मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे, भाई.

भाभीला सलाम. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं बोलते. तुझाही माझ्यावर राहू दे, निदान हे पत्र वाचून होईपर्यंत.

तुझी,
इस्मत


७८६
दाभोळ, ७ नोव्हेंबर

चि. इस्मत हिस,
अनेक दुवा वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो मोबाइलवर आला. अक्षर बारीक, म्हणून सादियाने वाचून दाखवलं. पासपोर्टचा भाग तिने दोनदा वाचला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इफरासाठी लिहितो. आम्ही अठरा जण होतो. कॅप्टनचा हुकूम होता, फाटकाकडे फिरकायचं नाही. म्हणून सगळे फिरकलो. आत संपावरचे कामगार, बाहेर त्यांच्या बायका, आणि फाटकाच्या गजांमधून पाव आत जायचा. शहरातल्या दुकानांत फळ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या, बाकी रिकामं. एकदा मी मटणाच्या रांगेत उभा होतो. पुढे एका संपकऱ्याची बायको आणि तिच्यापुढे एक पोलीस, ड्यूटीवर नव्हे, पिशवी घेऊन. दोन तासांनी दुकानदाराने खिडकी लावून घेतली. तिघेही हात हलवत परत. तेव्हा मला कळलं की हे फार काळ चालायचं नाही. ज्याने दंडुका उगारायचा तोच उपाशी घरी चाललाय.

रोज सकाळी लोक एकच विचारायचे, रशियाचे रणगाडे निघाले का. हंगेरीत छप्पन साली आले होते, प्रागला अडुसष्ट साली. इथे आले नाहीत. पण पुढच्या वर्षी पोलंडच्याच सरकारने आपलं लष्कर रस्त्यावर आणलं आणि संपवाल्यांना तुरुंगात टाकलं, हेही तिला लिहायला सांग. नाहीतर पोरगी समजेल एका संपात सगळं झालं. आणखी आठ-नऊ वर्षं गेली. तिकडे अफगाणिस्तानात रशियाची माणसं मरत होती, घरी गहू बाहेरून आणावा लागत होता. मग तो तुमच्या गाइडातला नेता म्हणाला की आता दुसऱ्यांच्या देशात फौज पाठवणार नाही. दार त्याने उघडलं हे खरं. पण बिजागऱ्या आधीच निखळलेल्या होत्या.

राहिलं सादियाचं. मी काही रशिया नाही, बाप आहे. परमुलखात एकटी पोर तापाने पडली तर तिला पाणी कोण देणार, एवढाच माझा सवाल आहे. जुबैलला मला कुणी दिलं नव्हतं. पेटी उघडणार नाही.

रागाने का होईना, लिहीत राहा.

तुझा भाई,
हुसेनमियाँ


७८६
रियाध, ११ नोव्हेंबर

प्रिय भाई,
सप्रेम सलाम वि. वि.

इफराने तुझं पत्र जसंच्या तसं प्रकल्पात घातलं. बिजागऱ्यांचं वाक्य स्वतःच्या नावावर खपवत होती, मी कान पकडला. तू रशिया आहेस असं मी म्हटलंच नव्हतं, भाई. हा शब्द तुझ्याच पेनातून आला.

आणि काय रे, सादियाला पाठवणार नाही असं लिहितोस आणि तो कागद फोटो काढून मला धाडायला सादियाच्याच हातात देतोस? तिनेही एक कोपरा न कापता पाठवला. अशा मुलीची तुला काळजी वाटते.

तुझ्या सवालाचं उत्तर. मी तबूकच्या हेड नर्सशी बोलले. केरळच्या आहेत, माझ्याहून कडक. होस्टेलात आपल्याकडच्या तीस-चाळीस मुली आहेत, कुणी आजारी पडली तर बाकीच्या पाळीने बसतात. आपल्या दाभोळचा शारीक बायकोमुलांसह तिथेच राहतो. पहिले पंधरा दिवस मी त्याच्याकडे मुक्कामाला जाणार आहे, अफशाँने विमानाचं बघून ठेवलंय, दोन तासांचा प्रवास. आणखी काही शंका असेल तर लिही. पण खरी लिही. जुबैलचा ताप तुला येऊन चाळीस वर्षं झाली, तो पोरीच्या अंगावर घालू नकोस.

बोलले त्यातलं निम्मं विसर, माया मात्र सगळी ठेव.

तुझी,
इस्मत


७८६
दाभोळ, १७ नोव्हेंबर

चि. इस्मत हिस,
अनेक दुवा वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारण वाच.

तुझं पत्र आल्यावर पेटी उघडली. पासपोर्टची मुदत कधीपर्यंत आहे ते बघावं म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. आत जमिनीचे कागद, माझी खलाशाची जुनी पुस्तिका. पासपोर्ट नाही. मी ओरडलो. तुझी भाभी शरफुन्निसा तांदूळ निवडत होती, तिने मानही वर केली नाही. म्हणाली, आंघोळीला जाताना किल्ली खुंटीला लावता, पाच आठवड्यांपूर्वी काढून एजंटाकडे पाठवला, व्हिसा लागून परतही आला, सादियाच्या कपाटात आहे. म्हणजे पाच आठवडे मी कमरेला किल्ली लावून रिकाम्या पेटीची राखण करत होतो. तुला हे माहीत होतं का? नसावं, नाहीतर तू गप्प बसली नसतीस.

तिसऱ्या दिवशी सादियाला बोलावलं. विचारलं की सगळं हातात होतं तर गेली का नाहीस, इथे बसून फुफीची पत्रं मला का वाचून दाखवतेस. ती म्हणाली, न सांगता गेले तर तुम्ही फोनवर बोलणार नाही, आणि मला तिथून रोज तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही हो म्हणाला नाहीत तर नोकरी सोडणार आहे. एवढं सांगून चहा ठेवायला गेली.

सत्तावीस तारखेचं मुंबईहून तिकीट काढलं. विमानतळापर्यंत मी आणि तुझी भाभी जातोय. तबूकला थंडी फार असते असं शारीक म्हणाला, म्हणून काल चिपळूणला जाऊन तिला जाड स्वेटर घेतला. रंग तिला आवडला नाही, पण घालणार म्हणते.

इफराच्या प्रकल्पात जागा उरली असेल तर आणखी एक ओळ घालायला सांग. त्या सगळ्या देशांपैकी एकही निघताना मॉस्कोचा हो ऐकायला थांबला नाही. माझी पोर थांबली.

तिला घ्यायला वेळेवर जा. दुवा देतोय, भांडायचं राहिलेलं नंतर.

तुझा भाई,
हुसेनमियाँ