राणीच्या शेवटच्या घटका

३ मार्च, मंगळवार

आग लागो त्या खेळाला!

आज मॅडमचा फोन आला. ज्यांच्या हाताखाली मी दात घडवायला शिकले त्याच मॅडम. दुसऱ्या शहरात त्यांनी मोठी डेंटल लॅब काढलीय आणि कवळ्यांचा अख्खा विभाग माझ्या हाती द्यायचा म्हणतायत. ‘तूच सांभाळ. पण वीस तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मला कळव. नाहीतर दुसरी एक जण तयार बसलीय. मग रुसू नकोस हं.’ मी! विभाग सांभाळणार! इतकी वर्षं बिनखिडकीच्या खोलीत, प्लॅस्टरची धूळ नाकातोंडात घेत, दुसऱ्याच्या नावावर दात कोरले.

घरी अक्षरशः पळत आले. नवरा सोफ्यावर. हातात तो व्हिडिओ गेमचा कंट्रोलर, टीव्हीवर घोडा. सगळं एका दमात सांगितलं. म्हणाला, ‘अरे वा. बघू.’

बघू! घोड्यावरची नजर काही हलली नाही.

४ मार्च, बुधवार

पुन्हा विषय काढला. ‘हो गं, बोलू ना. हे एवढं होऊ दे.’

हे एवढं म्हणजे नक्की काय, ते आज कमरेवर हात ठेवून उभ्याउभ्या बघितलं. तिथे एक राणी आहे. कुणीतरी तिला विष घातलंय. ती पलंगावर शेवटच्या घटका मोजतेय आणि ह्याला डोंगरापलीकडून औषध आणायला धाडलंय. दारातला नोकर ओरडतो, ‘धाव, वेळ नाही!’ आणि हा काय करतोय? ओढ्याकाठी अळंबी वेचतोय! म्हटलं, अरे, मरेल ना ती! हसला. ‘नाही मरत. मी जाईपर्यंत काही होत नाही. मी हे सुरू करून महिना झाला.’

महिनाभर शेवटच्या घटका मोजतेय बाई!

आणि हे घरात आणलं कुणी? माझ्याच सख्ख्या भावानं. ह्याला वाढदिवसाची भेट म्हणे. घरभेदी मेला.

७ मार्च, शनिवार

कडाक्याचं भांडण. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला — आमचं नीट ऐकू यावं म्हणून.

ह्याला करायचं तरी काय आहे? लिफ्टदुरुस्तीचं काम, कंपनीची शाखा त्या शहरातही आहे. साहेबांकडे जायचं आणि म्हणायचं, बदली द्या. बस. एक वाक्य! पण नाही. तोंडाला कुलूप. एवढा धडधाकट माणूस, बंद पडलेली लिफ्ट हातानं चाक फिरवून वर काढतो, आणि बायकोनं सरळ प्रश्न विचारला की सोफ्यात विरघळतो.

भावाला फोन करून झापलं. तो म्हणतो, ‘ताई, तू हो सांगून मोकळी हो. भावोजी येतील मागून.’ वा रे शहाण्या! आणि मग जन्मभर ऐकून घेऊ का, ‘तुझ्यासाठी आलो’ म्हणून? मुळीच नाही. ह्यानं स्वतःच्या तोंडानं ‘जाऊया’ म्हणायचं. तोवर मी मॅडमना फोन लावणार नाही. लावणार नाही म्हणजे नाही.

८ मार्च, रविवार

सकाळीच ह्याला कामावरून बोलावणं. कुठल्याशा इमारतीत एक आजोबा लिफ्टमध्ये अडकले. तिथे मात्र एका हाकेत पळाला!

घरात मी आणि तो खेळाचा डबा. म्हटलं, बघूच एकदा काय आहे एवढं त्यात. शत्रूचा अभ्यास. माझा वेगळा खेळ सुरू केला. पहिल्याच वळणावर लांडग्यानं खाल्लं. दुसऱ्यांदाही खाल्लं. तिसऱ्यांदा झाडावर चढले.

मग गावात गेले. आणि काय बघते — सगळ्या गावाला तेच दात! लोहार, लोहाराची सासू, पहारेकरी, भिकारी, सगळ्यांचे वरचे पुढचे दात एकाच साच्यातून काढलेले. सासूला या वयात असे दात? लाखो लोक हे खेळतात आणि एकाला दिसलं नाही! आमच्या लॅबमध्ये असं काम कुणी केलं असतं तर मी तोंडावर फेकलं असतं.

हा आला तेव्हा मी भांडी घासत होते. डबा होता तसा बंद करून ठेवला होता.

११ मार्च, बुधवार

खरं लिहायचं तर लिहिते. ह्या वहीशी काय खोटं बोलायचं?

आज हा यायच्या आधी पुन्हा बसले. लांब एक डोंगर दिसत होता. वर बर्फ, त्याच्यावर एक मोडका मनोरा. म्हटलं, नुसतं चित्र असेल. चालत राहिले. मध्ये नदी लागली, पूल तुटलेला, खालून वळसा घातला. आणि तो डोंगर खरंच आला! दिसतो तिथे जाता येतं. कुणाला विचारायचं नाही, कुणी ‘बघू’ म्हणत नाही. मनोऱ्यावर पोचले तेव्हा उजाडत होतं आणि खाली सगळी दरी पिवळी झाली. वेड लावलं मला. एका खेळानं! चीड आली स्वतःची.

ह्याला का आवडतं ते कळलं. म्हणून राग कमी झाला असं नाही. उलट वाढला. मला काय नको आहे का डोंगरावर जायला? मी तर खऱ्या डोंगराचं बोलावणं घेऊन आलेय, आणि हा इथे बसून खोटे चढतोय.

१२ मार्च, गुरुवार

‘बोलू या ना शनिवारी.’

१४ मार्च, शनिवार

बोललो नाही.

१५ मार्च, रविवार

आज कंट्रोलरवरून भांडण! ह्याला कळलं मी खेळते ते. खदाखदा हसला. मला वाटलं, चला, निदान ह्या निमित्तानं शेजारी बसून बोलेल. बोलला. तलवारीला धार कशी लावायची ते बोलला.

ह्याचा खेळातला गडी पळूच शकत नाही. का? तर पाठीवर जगाचं ओझं. गंजके टोप, फुटके वाडगे, कुठल्या मेलेल्या चोराचे जोडे. म्हटलं, टाक की ते. ‘असू दे, कधीतरी लागेल.’ घरात तरी दुसरं काय चाललंय आपलं? काही सोडायचं नाही, म्हणून कुठे जायचं नाही.

आणि गुहा! वरून एवढा मोठा प्रदेश, आत शिरलं की तीच ओली भिंत, तोच कोळी, तोच पेटारा. पेटाऱ्यात तीच सुरी. आधी राजवाड्यासारखं वाटतं, मग कळतं की दोनचारच खोल्या आहेत, परत परत मांडलेल्या. मी हे बोलून दाखवलं. म्हणाला, ‘तरी तू आज सकाळपासून बसलीयेस.’

उशी फेकून मारली. लागली पण नाही मेली.

१७ मार्च, मंगळवार

माझीही राणी आजारी पडली. जाईन. आधी नदीपलीकडची ती घरं बघायचीत.

लॅबमध्ये आज एका दाताच्या कॅपची उंची चुकली. माझ्या हातून! कधी नाही ते.

१९ मार्च, गुरुवार

संध्याकाळी टीव्हीची वायरच उपटली. म्हटलं, आता बोल. हो म्हण नाहीतर नाही म्हण. उद्या शेवटचा दिवस.

मग म्हणाला, ‘इथल्या प्रत्येक इमारतीतली लिफ्ट मला आवाजावरून कळते. तिथे मी कोण? पन्नाशीला आलो. तिथल्या पोरांसमोर चुकलो तर?’ आणि म्हणाला, ‘ह्या खेळात चुकलं तर मागे जाऊन परत सुरू करता येतं गं.’

अरे देवा. एवढंच होतं? मग तोंड का शिवलं होतंस इतके दिवस? मी काय तुला खाल्लं असतं? बरं वाटलं ऐकून, आणि संतापही तेवढाच आला. मी इथे एकटी धुमसतेय, आणि ह्याच्या पोटात ही भीती! सांगितलं असतंस तर त्या भीतीला घेऊनच गेलो असतो की.

‘उद्या साहेबांशी बोलतो,’ म्हणाला. उद्या! ह्याचा उद्या मी चांगला ओळखते.

२० मार्च, शुक्रवार

मी सुट्टी घेतलीय. फोन चार्ज करून टेबलावर ठेवलाय. हा कामावर. दुपारी येतो म्हणालाय. वाट बघत भिंतीकडे बघत बसू का? तोवर जरा नदीपलीकडे जाऊन येते.

२१ मार्च, शनिवार

काल हा पाचच्या आधीच आला होता. बूटही न काढता माझ्यापुढे उभा. ‘साहेब हो म्हणाले. जाऊया. लाव फोन.’ मी म्हटलं, थांब, एवढी एक गुहा. आणि मनात म्हटलं, बसू दे आता ह्याला जरा ताटकळत, कळू दे कसं वाटतं ते. तो शेजारी बसला. मी मान वर केली तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

आज सकाळी मॅडमनी फोन उचलला. ‘अगं, सातपर्यंत वाट बघितली तुझी. मग तिला सांगून टाकलं. असं का केलंस?’

मी म्हटलं, काय करू मॅडम, ह्याचीच तयारी होईना.

हा समोरच बसला होता, चहा घेत.